वरवंट्याचा फोटो

खुळखुळ.

जेवणं उरकल्यावरचं घर इतकं गप्प होतं की तो आवाज मला ओट्यापाशी ऐकू आला. कणकेचा हात तसाच घेऊन मी आत गेले. जिला थोपटून झोपवून आले होते ती इरा पलंगावर मांडी घालून बसली होती, आणि माझी लेन्स कानाशी धरून हलवत होती. आत काचेचा तुकडा फिरत होता.

"आई, ही आता वाजते," ती हळूच म्हणाली, आजीची झोप मोडू नये म्हणून. "आधी नव्हती वाजत."

"हो गं. आता वाजते."

"मग चांगलं झालं ना?"

मी लेन्स तिच्या हातून घेतली आणि पुन्हा दुपट्यात गुंडाळली. दुपटं तिचंच, तान्हेपणीचं. मऊ म्हणून लेन्सला दिलेलं.

"विम्याचे काका येऊन बघून गेले की तुला देईन खेळायला."

"विमा म्हणजे?"

"आपली वस्तू मोडली तर नवी घेता यावी म्हणून आधीच करून ठेवलेली सोय."

तिनं विचार केला. "माझा हत्ती मोडला तेव्हा?"

"हत्तीचा नव्हता काढला."

"काढायला पाहिजे होता," असं म्हणून ती आडवी झाली, आणि माझा कणकेचा अंगठा धरून झोपली. तो सोडवून घ्यायला मला जरा वेळ लागला.

लेन्स कशी मोडली ते कोणाला सांगितलं तर आधी हसतात. मृण्मयी ही आल्हादची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, मामेबहीण. बाळंतपणाला माहेरी आली होती, पाथर्डी फाट्याला. पण त्याच्या कितीतरी आधी, पोट पुरतं दिसायला लागायच्या आत, तिचा मला फोन आला होता.

"वहिनी, बारशाचे फोटो तू काढायचेस. पण ऐक, बुकिंग म्हणून. ॲडव्हान्स टाकतेय. नाहीतर तू पाहुणी म्हणून येशील आणि आई तुला पुऱ्या लाटायला बसवेल."

मी हसले. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीतच उभी राहिले. घरातल्या कितीतरी कार्यांना मी कॅमेरा घेऊन गेले होते. निरोप ठरलेला असायचा: संजना येणारच आहे, तिला म्हणावं कॅमेरा आण, तिला हौस आहे. फोटो झाले की पंगतीत वाढायचं. वाढून झालं की, अगं, आमचा जोडीचा राहिलाच. बाहेरच्या ऑर्डरी मला मिळत होत्या. सिडकोतल्या, इंदिरानगरच्या कितीतरी बाळांची बारशी, आयांची डोहाळजेवणं मी काढली होती. मी फ्लॅश वापरत नाही. आधी जाऊन आईजवळ बसते, बाळ कधी पितं, कुठल्या कुशीवर शांत होतं ते विचारते, आणि पोट भरल्यावर जी एक तंद्री लागते तिची वाट बघते. हे मला इरानं शिकवलं. तिचे फोटो काढता काढताच तर सगळं सुरू झालं. बाहेरच्या बायका मला फोटोग्राफर म्हणायच्या. घरच्यांपैकी तसं वागणारी मृण्मयी पहिली.

आमच्याकडे बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालतात. त्याला झबलं चढवतात, टोपडं बांधतात, काजळाची तीट लावतात. मग पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात आणि देवाची नावं घेत त्याला पाळण्याखालून, पाळण्यावरून एकमेकींच्या हातात देतात. खऱ्या बाळाची पाळी त्यानंतर. मला तो फोटो खालून हवा होता: वर पाळण्याची फुलं, मधे ते दगडाचं बाळ, आणि चहूबाजूंनी पुढे आलेले बांगड्यांचे हात. म्हणून मी नऊवारीचा काचा सावरत पाळण्याखाली शिरले. (नऊवारी मृण्मयीच्या हट्टासाठी. पुन्हा कधी नाही.)

मंगलामामी, म्हणजे मृण्मयीच्या आई, नुकत्याच शिऱ्यावर तूप सोडून आल्या होत्या. झबलं साटिनचं. त्यांनी वरवंटा पुढे केला, समोरच्या बाईंनी हात पुढे केले, आणि तो कोणाच्याच हातात राहिला नाही.

माझ्या बोटानं मला न विचारता बटण दाबलं. मग काच फुटल्याचा आवाज आणि मनगटात कळ.

आणि मामींनी काय करावं? वाकल्या, वरवंटा उचलला, छातीशी धरला आणि किंचाळल्या, "अगं बाई, लागलं का गं त्याला?"

"मामी, वरवंटा तो!" कोणीतरी म्हणालं.

हॉल हसून हसून कोसळला. मीही हसले, पाळण्याखाली पडल्या पडल्या. एकटी मृण्मयी हसली नाही. बाळाला खांद्याशी धरून ती वाकली आणि म्हणाली, "वहिनी, हात दाखव आधी." हात ठीक होता. कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती कडी वाकली होती, आणि लेन्स उचलली तर ती वाजली. पिशवीत जुना कॅमेरा होता, उरलेलं बारसं त्यावर काढलं. खऱ्या बाळाला मामींनी हात धुऊन, पुसून, पुन्हा पुसून घेतलं.

कॅमेऱ्याचा विमा आल्हादनं काढला होता. माझ्या वाढदिवसाला. घराचा विमा उतरवत होता, त्यातच त्यानं माझा कॅमेरा आणि लेन्स घातली, घराबाहेर नेली तरी भरपाई मिळेल अशी. "बघ, दागिना नाही आणला, पण दागिन्यासारखा जपलाय तुझा कॅमेरा," म्हणाला होता. मला ते खरंच आवडलं होतं. अंबडच्या कारखान्यात तो क्वालिटीत आहे. त्याचं प्रेम असंच असतं, मोजमापाचं, वेळेवर. अर्ज त्यानंच भरला होता. माझ्या नावापुढे गृहिणी, आणि वापरापुढे वैयक्तिक, छंद. मी तेव्हा वाचलं नाही. इरा तापात होती.

इरानं रात्री लेन्स वाजवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना तो म्हणाला, "शेवाळे म्हणून सर्व्हेअर आहेत, आज चहाच्या वेळेला येतील. माणूस बरा वाटला. फक्त एक कर, तू पाहुणी म्हणून गेली होतीस असं सांग. पॉलिसी वैयक्तिक वापराची आहे आपली."

"आणि मृण्मयीनं दिलेले पैसे?"

"ते तिनं तुला दिले, साडीसाठी दिले, कशासाठीही दिले. त्यांना काय करायचंय?"

"आल्हाद, ते बुकिंग होतं."

"संजू, सुरू नको करू. एक ओळ लिहायचीये. लग्नसराई तोंडावर आलीये, लेन्स नसेल तर तूच रडत बसशील."

ते खरं होतं. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, पुढचे सगळे रविवार माझ्याकडे बोलून ठेवलेले होते. विम्याचे पैसे आले नाहीत तर ती लेन्स या वर्षी पुन्हा घेणं मला शक्य नव्हतं.

तो गेला तोच मंगलामामींचा फोन. "मी सांगते हो साहेबांना. म्हणावं आमची भाचेसून आहे, पाहुणी म्हणून आली होती, हौसेनं काढत होती. माझाच हात सुटला, एवढं तरी मी करायला हवं." मामींचा आवाज रडवेला होता. त्यांना नाही म्हणणं जड गेलं. मी नुसतं "बघू" म्हटलं.

खोटं बोलायची मला काही भीती नाही. दिवसातून दोन-चार मी बोलतेच. इराला औषध पाजताना तर मी चांगलीच खोटारडी होते. अडत होतं ते खोट्यापाशी नाही, त्या एका शब्दापाशी. हौस. तो शब्द मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. आता तो मलाच, माझ्याच अक्षरात, सहीसकट लिहून द्यायचा होता.

शेवाळे आले. पन्नाशीचे, ढेरीवर मोबाइल टेकवून बोलणारे, हसरे. सासूबाईंनी पोहे केले होते. आल्या माणसाला पोहे केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि ज्याच्याकडून काही हवं असतं त्याच्या पोह्यांवर खोबरं जास्त पडतं. त्या दिवशी पोहे दिसतच नव्हते.

शेवाळ्यांनी लेन्स कानाशी नेऊन हलवली. अगदी इरासारखी. "गेली," म्हणाले. "कशी पडली?"

"पडली नाही. तिच्यावर वरवंटा पडला."

त्यांचं लिहिणं थांबलं. "मॅडम, बारशात वरवंटा वरून कसा पडेल?"

मी लॅपटॉप उघडला आणि तो फोटो दाखवला. त्या लेन्सनं काढलेला शेवटचा. पाळण्याची झेंडूची झालर, तिच्यापुढे हवेत आडवा झालेला वरवंटा, टोपडं सरकून तिटेवर आलेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना उघडे, रिकामे हात, आणि मागे मंगलामामींचं तोंड, एवढा मोठा आ केलेला.

शेवाळ्यांना आधी हसू फुटलं, मग ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. इराही कशाला ते न कळता त्यांच्याबरोबर हसत सुटली.

"मॅडम, इतकी वर्षं हे काम करतोय. नुकसान होतानाचा फोटो, तोही नुकसान झालेल्या वस्तूनंच काढलेला, पहिल्यांदा बघतोय." त्यांनी पुन्हा पाहिलं. "आणि काय फोटो आलाय हो. एकदम प्रोफेशनल."

"थँक यू," मी म्हटलं.

"पण तो शब्द आपण वापरायचा नाही, काय?" त्यांनी डोळा बारीक केला. "कार्यक्रम घरचाच ना?"

"घरचाच!" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या भावाच्या नातीचं बारसं. ही आपली हौसेनं काढते."

"झालं तर मग. लिहा मॅडम, मी सांगतो. 'मी सदर समारंभास नातेवाईक म्हणून उपस्थित होते. फोटोग्राफी हा माझा छंद आहे.' खाली सही. बाकी मी बघतो."

माणूस खरंच बरा होता. मला तेच अवघड जात होतं. चिडायला समोर कोणी वाईट नव्हतं. मी पेन घेतलं. 'मी सदर समारंभास' एवढं लिहिलं. इरा माझ्या मांडीला टेकून माझं पेन बघत होती; मी लिहायला लागले की ती नेहमी तशी येऊन टेकते. मला मृण्मयीचं ते वाकणं आठवलं. हात दाखव आधी. सगळा हॉल हसत असताना त्या ओल्या बाळंतिणीला कळलं होतं की माझं काम या हातांवर चालतं.

मी पुढे लिहिलं: 'फोटो काढण्यासाठी गेले होते. ते माझं काम आहे.' आणि सही केली. शेवाळ्यांनी कागद वाचला. हसू गेलं.

"मॅडम, हे असं लिहिलंत तर मला क्लेम बसवता येणार नाही. पॉलिसीच वेगळी लागते त्याला."

"माहितीये."

"दुसरा कागद देतो. घाई नाही. मिस्टरांशी बोला."

"त्यांच्याशी बोलणं झालंय. ते वेगळं लिहा म्हणाले. लिहिणारी मी आहे."

"अगं संजना," सासूबाईंनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. "दोन शब्दांनी काय झडतंय तुझं? हौस म्हणायला लाज कसली?"

"लाज नाही आई. पण खंडेनवमीला आल्हादच्या मापं घ्यायच्या व्हर्नियरशेजारी माझा कॅमेरा पूजेला कोणी ठेवला? तुम्हीच ना? झेंडू वाहिलात, हळदकुंकू लावलंत, आणि ते लेन्सला लागू नये म्हणून वर रुमाल पण टाकलात."

"मग? तसंच करतात."

"आल्हादचा कॅरम तेव्हा कुठे होता?"

"माळ्यावर."

"त्याला का नाही आणला खाली? त्याची तर केवढी हौस आहे."

शेवाळे खाली बघून पोह्यातलं खोबरं वेगळं करायला लागले.

मला वाटलं, आता सासूबाई बोलतील. बोलल्या, पण मी धरून चालले होते ते नाही. "त्या पाटावर माझी कात्री पण असते," त्या म्हणाल्या. "हे घर घ्यायच्या आधीपासून असते. निम्म्या कॉलनीच्या साड्यांना फॉल मी लावलेत. मला विचारलं का कधी कोणी, तुझी हौस का काम?"

उत्तर त्यांना नको होतं. ताटल्या उचलून त्या आत गेल्या आणि नळ मोठा सोडला.

शेवाळ्यांनी तो कागद फाइलमध्ये नीट, न दुमडता ठेवला. दारात थांबून म्हणाले, "तो वरवंट्याचा फोटो मला पाठवाल? मिसेसला दाखवतो."

"पाठवते. खाली माझं नाव असतं, ते कापू नका."

"नाही कापणार."

आल्हाद संध्याकाळी आला तेव्हा त्याला कळलेलं होतं. शेवाळ्यांनी फोन केला होता. बूट काढतानाच सुरू झाला. "तुला लेन्सपेक्षा हट्ट मोठा झाला?"

"हो."

या उत्तराची त्याला सवय नव्हती. तो मोज्यासकट सोफ्यावर बसला. "मी तुझ्यासाठी काढली होती ती पॉलिसी. तुझ्या वाढदिवसाला."

"माहितीये मला." मी त्याच्याजवळ बसले. "तू प्रेमानं काढलीस. पण तीत माझं काम नाही रे. मी नाही तीत. एक विचारू? तुझ्याकडे एखादा पार्ट आला, मापात नाही, केसभर कमी आहे. साहेब म्हणाले, सोड, एक सही तर करायचीये. करतोस?"

"ते वेगळं. ते माझं काम आहे."

इरा येऊन त्याच्या मोज्याला भोक आहे का ते तपासायला लागली.

मोजे काढत तो म्हणाला, "धंद्याची पॉलिसी महाग असते."

"असू दे. अर्ज मी भरणार."

"अगं पण विमा काढायला आधी कॅमेरा तर हवा!"

"जुना आहे."

"त्याला झूम पण नाहीये, संजू."

"मग मी दोन पावलं पुढे जाईन."

तो हसला, न हसल्यासारखा. प्रकरण मिटलं असं मी म्हणणार नाही. रात्री जेवताना त्यानं मीठ माझ्याकडे न मागता उठून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी अंबडला जाताना वाकलेल्या कडीचा कॅमेरा त्यानं डब्याच्या पिशवीत घातला. "आमच्या टूलरूममध्ये दाखवतो," एवढंच म्हणाला. "खात्री देत नाही."

त्याच आठवड्यात समोरच्या ब्लॉकमधल्या आशाताई साडी घेऊन आल्या. "काकू, आजच फॉल लावून द्या ना. तुम्हाला काय, हौसच आहे." सासूबाई मशीनवर बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आज नाही जमणार. हातात काम आहे." मी आत कांदा चिरत होते. सुरी थांबली, पण मी बाहेर गेले नाही. त्यांना ते नको असतं.

क्लेम नाकारल्याचं पत्र शनिवारी आलं. वाचलं आणि ठेवून दिलं. वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? लेन्स दुपट्यातून काढून इराला दिली तेव्हा ती वाजली, आणि मी तोंड फिरवलं.

रविवारी इंदिरानगरला डोहाळजेवण होतं. मी जुना कॅमेरा गळ्यात घातला, बॅटऱ्या मोजून घेतल्या, पदर नको म्हणून सलवार-कमीज. दारात इरा उलटे बूट घालून तयार.

"मी पण येणार."

"आज नाही राणी. आजीपाशी थांब."

"तू हौसेला चाललीस का कामाला?"

आठवडाभर घरात तेच दोन शब्द चालले होते. तिचा प्रश्न कुठून आला ते मला कळत होतं. आल्हाद पेपर वाचत होता. सासूबाईंचं मशीन थांबलं होतं. मी पट्टा नीट केला आणि आतल्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, "कामाला."

इरानं मान डोलावली. तिला पटलं. मी खाली बसून तिचे बूट काढले, सुलटे घालायला लागले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून तोल सावरला. दुसऱ्या हातात लेन्स होती, खुळखुळत.

"आई."

"काय गं?"

"मग मला सांभाळतेस, ते काय असतं? हौस का काम?"